ऋतू, गोठा आणि जंतू
(प्रस्तावना)

सोलापूर जिल्ह्यात जनावरांचे आजार वेळापत्रक पाळून येतात. मृगाचा पाऊस पडून पंधरवडा उलटत नाही तोच घटसर्प आणि फऱ्या डोके वर काढतात. कोवळे गवत उगवले की मेंढरांच्या कळपात आंत्रविषाराने मरतूक सुरू होते. उत्तरा-हस्ताच्या पावसात गोठ्यात चिखल झाला की दुभत्या जनावरांच्या कासा सुजतात. म्हशी विण्याचा हंगाम आणि थंडी एकत्र आली की रेडके हगवणीने आणि फुफ्फुसदाहाने जातात. हा क्रम जिल्ह्यातला प्रत्येक पशुवैद्यक जाणतो, जुना जाणता पशुपालकही जाणतो. तरीही दर वर्षी तेच घडते, आणि दगावलेल्या जनावराजवळ उभा असलेला माणूस तेच सांगतो: काल संध्याकाळपर्यंत वैरण खात होती, रात्रीत काय झाले कळलेच नाही.

खरे तर त्या रात्रीची तयारी दोन-तीन महिने आधीपासून चाललेली असते. एप्रिलमध्ये वैरण कमी पडते, मे महिन्यात लस टोचायची राहून जाते, जूनमध्ये गोठ्याचे छत गळते, आणि या सगळ्याची बेरीज एका ओल्या रात्री जनावराच्या घशाशी येते. हे पुस्तक त्या आधीच्या महिन्यांविषयी आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोगाचे जंतू आपल्या मातीत, पाण्यात, गोठ्यात आणि निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या घशातही वर्षभर असतात. आजार कोणत्या पंधरवड्यात उठेल हे ऋतू ठरवतो. कोणत्या गोठ्यात उठेल हे तिथली व्यवस्था ठरवते. ऋतू आपल्या हातात नाही, व्यवस्था आहे. आणि पावसाळ्यातल्या आजाराचा बंदोबस्त उन्हाळ्यातच करावा लागतो.

हा विचार मांडण्यासाठी सोलापूरइतका बोलका जिल्हा शोधून सापडणार नाही. इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दोन हप्त्यांत. जूनमध्ये एक सुरुवात होते, मग जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ नुसते भरून येते आणि निघून जाते, आणि सप्टेंबरात खरा पाऊस येतो. म्हणूनच हा जिल्हा रब्बीचा, मालदांडी ज्वारीचा. पावसाची ही दुहेरी चाल पेरणीच्या हिशेबात प्रत्येक शेतकरी धरतो. जनावरांच्या आजाराच्या हिशेबात मात्र ती फारशी कुणी धरत नाही. आपण पावसाळा म्हणजे जून असे समजून चालतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गाफील सापडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने पंढरपूर, सोलापूर, बार्शी भागात जो हाहाकार केला, त्यात पिकांबरोबर गोठेही पाण्याखाली गेले. असा पाऊस ओसरल्यावर ओल्या जागी, भिजलेल्या वैरणीवर आणि गढूळ पाण्यावर उभी असलेली जनावरे हीच रोगजंतूंची सर्वांत मोठी संधी असते.

शिवाय जनावरांच्या दृष्टीने हा जिल्हा एकसारखा नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला. उसाबरोबर साखर कारखाने आले, हिरवा चारा आला, आणि त्या चाऱ्यावर संकरित होल्स्टिन गाई आल्या. माळशिरस, पंढरपूर, माढा या भागांतल्या अनेक गोठ्यांत आज दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देणारी गाय ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दुसरीकडे सांगोला, मंगळवेढ्याच्या माळरानावर खिलार बैल, माडग्याळ आणि दख्खनी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या आणि लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस अजून टिकून आहे. कालव्याकडची गाय जास्त खाते, जास्त दूध देते आणि उन्हाला चटकन हार मानते. माळावरचे जनावर काटक असते, पण त्याच्या वाट्याला दुष्काळ येतो आणि त्याला चरायला रोज दूर जावे लागते. त्यामुळे एकाच पावसाळ्यात कालव्याकडचा गोठा कासदाहाने हैराण असतो आणि माळावरचा कळप आंत्रविषाराने. एकच सल्ला दोघांना देऊन चालत नाही. या पुस्तकातली प्रकरणे म्हणूनच रोगांच्या नावाने न मांडता ऋतूंच्या क्रमाने मांडली आहेत, आणि प्रत्येक ऋतूत बागायती गोठा व कोरडवाहू कळप यांचा वेगवेगळा विचार केला आहे.

जनावरांच्या जंतुजन्य रोगांचे शास्त्र आपल्याला परके नाही. काळपुळीचा जंतू आणि त्याचे जमिनीत तग धरणारे बीजाणू रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये उलगडून दाखवले आणि १८८१ मध्ये लुई पाश्चरने मेंढ्यांना त्याच रोगाची लस जाहीरपणे टोचून दाखवली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८९ मध्ये, जनावरांच्या साथींचा अभ्यास करणारी भारतातली पहिली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली ती पुण्यात. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. पुण्याच्या औंधमध्ये आज राज्याची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लशी तिथे तयार होतात. म्हणजे ज्ञान आहे, लस आहे, आणि ती सोलापूरपासून एका दिवसाच्या वाटेवर तयार होते. अडते ते शेवटच्या टप्प्यात, लशीची कुपी आणि जनावराची मान यांच्यामधल्या अंतरात.

आता उन्हाळ्याकडे येऊ, कारण माझ्या मते आजाराची कहाणी तिथून सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते आणि कडब्याच्या गंजी लागतात. कडब्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि हिरव्या चाऱ्यातून मिळणारे कॅरोटीन जवळजवळ नसते. कॅरोटीनपासून शरीरात जीवनसत्त्व अ बनते, आणि नाक, घसा, श्वासनळी, आतडे, गर्भाशय यांच्या आतले अस्तर धड राहायला ते लागते. हे अस्तर म्हणजे जंतूंविरुद्धची पहिली तटबंदी. मार्च ते जून नुसत्या कडब्यावर राहिलेल्या म्हशीची ही तटबंदी आतून झिजलेली असते. वरून फक्त कातडी कोरडी आणि केस राठ दिसतात. त्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन. संकरित गाय धापा टाकते, खाणे सोडते, सावलीतच उभी राहते. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी, तिला डुंबायला पाणी हवे असते आणि नेमके तेच नसते. अशा अवस्थेत जनावर मृगापर्यंत पोचते. पहिला पाऊस पडतो, एका रात्रीत पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो, अंग भिजते, आणि दुसऱ्याच दिवशी बैल औताला जुंपला जातो.

घटसर्पाला याहून चांगली वेळ कोणती? पाश्चुरेला मल्टोसिडा हा त्याचा जंतू काही निरोगी जनावरांच्या घशातल्या गाठींत निमूट राहतो. जनावर अशक्त झाले, भिजले, थकले, दाटीवाटीने बांधले गेले की तो तिथून उठतो, लाळेतून गव्हाणीत आणि पाण्याच्या हौदात उतरतो. कोरड्या उन्हात तो फार टिकत नाही. ओलसर मातीत आणि डबक्यात मात्र तग धरतो, म्हणून साथ पावसाळ्यात फैलावते. गाईपेक्षा म्हशीला आणि मोठ्यांपेक्षा सहा महिने ते दोन वर्षांच्या जनावरांना तो लवकर गाठतो. ताप एकशे पाच-सहा अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते, श्वास घरघरतो, आणि अनेकदा चोवीस तासांच्या आत खेळ संपतो. सूज दिसल्यावर सुरू केलेले उपचार बहुतेक वेळा उशिराचेच असतात. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, हे लक्षात घेतले की मे महिन्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस पडल्यावर टोचलेली लस ही पेरणीनंतर केलेली नांगरट आहे.

फऱ्याचे वागणे वेगळे. क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय या जंतूचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे राहतात, चाऱ्याबरोबर पोटात जातात आणि स्नायूंत जाऊन बसतात. मुका मार लागला की तिथे प्राणवायू कमी पडतो आणि तेवढ्याने ते जागे होतात. हा रोग कळपातले तरणेबांड, भरल्या अंगाचे जनावर निवडतो. सकाळी कालवड मागच्या पायाने लंगडते. मांडीवर सूज असते. सुरुवातीला ती गरम आणि दुखरी असते, काही तासांत गार पडते, आणि तळहाताने दाबली की कातडीखाली वायू भरल्यामुळे चरचर जाणवते. ज्याने एकदा ती चरचर हाताला अनुभवली, तो पुढच्या मे महिन्यात लस चुकवत नाही. काळपुळीचे बीजाणू याहून चिवट. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत ते दशकानुदशके पडून राहतात. उन्हाळ्यात गवत मुळापर्यंत खुरटते, जनावर मातीसकट चरते, आणि वळिवाच्या पाण्याने खालचे बीजाणू वर येतात. नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले आणि जनावर अचानक मेले, तर त्याची कातडी सोडवू नये, शवविच्छेदन करू नये. ते जागेवर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि पशुवैद्यकाला ताबडतोब कळवावे. एक शव उघडले तर ती जागा पुढच्या पिढीपर्यंत रोगाचे माहेर होते, आणि हा रोग माणसालाही होतो.

सोलापूरच्या दुसऱ्या पावसाबद्दल इथे एक मुद्दा आग्रहाने मांडायचा आहे. मे महिन्याच्या मोहिमेत दोन-तीन महिन्यांची वासरे-रेडके लसीकरणातून वगळली जातात आणि ते योग्यच असते, कारण त्या वयात लस नीट लागू पडत नाही. पण सप्टेंबर उजाडतो तेव्हा तीच पिल्ले सहा-सात महिन्यांची झालेली असतात, म्हणजे घटसर्प आणि फऱ्याच्या नेमक्या धोक्याच्या वयात, आणि त्यांच्या अंगात ना आईच्या चिकातून आलेली शक्ती उरलेली असते ना लशीची. त्यातच तुरटीयुक्त लशीचा प्रभाव साधारण चार ते सहा महिनेच टिकतो, त्यामुळे मोठ्या जनावरांचेही कवच हस्तापर्यंत पातळ होत आलेले असते. ज्या जिल्ह्यात सप्टेंबर हा सर्वांत पावसाचा महिना आहे, तिथे ऑगस्टमध्ये राहिलेल्या पिल्लांसाठी लसीकरणाची दुसरी फेरी असायलाच हवी. कोकणचे वेळापत्रक माणदेशाला लावून भागणार नाही.

मेंढरांचे गणित पुन्हा निराळे. धनगर कुटुंबे दिवाळीनंतर वाडा घेऊन बाहेर पडतात, शेतात मेंढ्या बसवतात, आणि मृगाच्या सुमारास माघारी येतात. वर्षभर कोरड्या पाल्यावर आणि धसकटांवर चरलेली मेंढी पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर तुटून पडते. तिच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू आधीपासून थोड्या प्रमाणात असतोच. खाद्य एकदम बदलले की त्याला भरपूर मेजवानी मिळते, तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. सकाळी कळपातले सर्वांत गुटगुटीत कोकरू मान मागे टाकून मेलेले सापडते. ज्वारीचे कणीस किंवा मका पोटभर खाल्लेल्या शेळीचेही असेच होते. उपाय दोन आणि दोन्ही स्वस्त: पावसाआधी लस, तीही पहिल्यांदा देताना पंधरवड्याच्या अंतराने दोनदा, आणि नव्या गवतावर सोडण्यापूर्वी थोडी सुकी वैरण देऊन पहिले आठ-दहा दिवस चराईचे तास बेताने वाढवणे. अडचण अशी की लसीकरणाची मोहीम गावोगाव फिरते तेव्हा वाडा त्या गावात नसतो. रानोमाळ फिरणाऱ्या कळपापर्यंत लस पोचवायची तर त्याच्या वाटा आणि मुक्काम विचारात घेऊन आखणी करावी लागेल. मेंढपाळ या व्यवस्थेत आजही सर्वांत शेवटी मोजला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑक्टोबर संपता संपता साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि त्यांच्या आवारात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांचे तळ पडतात. बीड, धाराशिवकडून आलेले हजारो बैल पाच-सहा महिने ओझे ओढतात, उघड्यावर थंडीत उभे राहतात आणि सामाईक हौदावर पाणी पितात. खांदेसूज होते, जखमा चिघळतात, खुरांत खडे रुततात. वेगवेगळ्या गावांची जनावरे जिथे एकत्र येतात तिथे जंतूंचीही देवाणघेवाण होते. हंगाम संपला की ते बैलांबरोबर घरी जातात. दुष्काळातल्या चारा छावण्यांचेही हेच. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळात छावण्यांनी सांगोला, मंगळवेढ्याचे पशुधन वाचवले यात शंका नाही. पण भुकेने खंगलेली जनावरे महिनोन्महिने शेजारी शेजारी बांधलेली असतात आणि पहिला पाऊस पडताच छावणी मोडते, हे विसरून कसे चालेल? छावणीत जनावर दाखल होते त्या दिवशीच त्याला लस टोचली, जंत व गोचिडांचा बंदोबस्त केला, आजारी जनावरांसाठी वेगळी दावण ठेवली, तर चाऱ्यावर केलेला खर्च खऱ्या अर्थाने सत्कारणी लागतो.

उसाच्या हंगामात दुभत्या गोठ्यालाही एक छुपा त्रास होतो. वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात, म्हणून चार-पाच महिने वैरणीत तेच असतात. वाढ्यांतल्या ऑक्झलेटमुळे शरीराला कॅल्शियम मिळत नाही. कॅल्शियम कमी पडले की स्नायूंचा जोर कमी होतो. गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही, वार अडकते. सडाच्या टोकाची झडप सैल राहते आणि जंतूंना दार उघडे मिळते. म्हणजे गव्हाणीतली चूक कासेत दिसते.

कासदाह, आपल्या भागात ज्याला दगडी म्हणतात, त्यावर या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण आहे आणि त्याचे कारण आहे. घटसर्पाने गेलेली म्हैस सगळ्या गावाला दिसते. सुप्त कासदाहाने रोज आटणारे दूध कुणालाच दिसत नाही. पहाटेच्या धारेच्या वेळी चार कप्प्यांचे पांढरे पसरट भांडे घ्यावे, प्रत्येक सडाची थोडी धार एकेका कप्प्यात घ्यावी, तितकेच जांभळे द्रावण घालून हाताने गोल फिरवावे. तीन कप्प्यांतले दूध पातळ राहते, चौथ्यात ते जेलीसारखे घट्ट होऊन तळाशी ओढले जाते. बाहेरून ती कास मऊ, दूध पांढरे, गाईची भूक चांगली. तरीही त्या सडात आजार मुरलेला असतो. मालक चकित होऊन गाईकडे बघतो. बहुतेक गोठ्यांत अशी जनावरे उघड कासदाहापेक्षा कितीतरी जास्त निघतात, आणि त्यांच्याच दुधाचे हात लागून आजार एका सडातून दुसऱ्यात, एका गाईतून दुसरीत जातो.

याचा बंदोबस्त औषधाच्या बाटलीत कमी आणि रोजच्या सवयीत जास्त आहे. धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावी. एकच ओले फडके सगळ्या गाईंना फिरवू नये. अंगठा मुडपून धार काढली की सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते, म्हणून पूर्ण मुठीने काढावी. आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी. धार संपल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड धारेनंतर अर्धा ते एक तास उघडे राहते. तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून तिच्यापुढे ताजी वैरण टाकावी. भाकड काळ सुरू होताना प्रत्येक सडात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध सोडून घ्यावे. यातल्या एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. पावसाळ्यात, जेव्हा जमीन ओली आणि शेणामुताने भरलेली असते, तेव्हा याच गोष्टी दुप्पट काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

गेल्या काही वर्षांत मुक्त संचार गोठ्याची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात रुजली आहे आणि सोलापूरच्या कोरड्या हवेला ती मानवते. गाईमागे छताखाली साधारण चाळीस आणि मोकळ्यात ऐंशी चौरस फूट जागा असली, पाणी सावलीत असले, की जनावर मनाजोगते फिरते, कोरड्या जागी बसते, खुरे चांगली राहतात. पण हा गोठा पावसात बिघडला तर बांधलेल्या गोठ्याहून वाईट ठरतो. उतार चुकला, मुरूम घातला नाही, गव्हाणीजवळचा भाग पक्का केला नाही, तर सप्टेंबरात सगळ्या गाई एकाच चिखलात बसतात. पद्धत कोणतीही असो, कोरडी बसायची जागा ही कसोटी. आपल्या गोठ्यात शिरून गुडघे टेकून बसावे. गुडघा ओला झाला तर गाईची कासही ओली आहे.

हिवाळा आपल्याकडे जनावरांना सुखाचा मानतात आणि मोठ्या जनावरांपुरते ते खरे आहे. पण म्हशी बहुतकरून ऑगस्ट ते डिसेंबर या काळात वितात, म्हणून रेडकांचे आजार याच दिवसांत गर्दी करतात. गाई-म्हशींच्या पिल्लांना गर्भात आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि चिकातून ती रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटत जाते. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत अजून कित्येक घरांत आहे आणि ती दर वर्षी असंख्य रेडके मारते. पहिल्या दोन तासांत चीक, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, नाळेला आयोडीन, जमिनीवर कोरडे पाचट: एवढ्यावर हगवण आणि सांधे सुजण्याचे निम्मे दुखणे टळते. म्हशीचे रेडकू नर असले की त्याच्याकडे दुर्लक्ष होते. ते उपाशी, आजारी रेडकू मग शेजारच्या पारडीलाही जंतू देते.

काही रोगांना ऋतू नसतो, त्यांना खरेदी-विक्री पुरते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेली गाय त्याच संध्याकाळी जुन्या गाईंच्या दावणीला बांधली जाते. ती सांसर्गिक गर्भपाताच्या ब्रुसेला जंतूची वाहक असेल तर पुढच्या वर्षभरात गोठ्यातल्या गाभण गाई सहाव्या-सातव्या महिन्यात एकामागून एक गाभडतात. नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे आणि रक्त तपासून घेणे हा यावरचा साधा उपाय. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे, ती प्रत्येक कालवडीपर्यंत पोचायला हवी. हा रोग माणसाला होतो तेव्हा महिनोन्महिने ताप येतो-जातो, सांधे दुखतात आणि निदान होत नाही. आपल्याकडे व्यालेल्या गाईची वार उचलणारे, रेडकू ओढून काढणारे, पहाटे धार काढणारे हात बहुतेक वेळा बाईचे असतात. उघड्या हाताने वार उचलू नये, हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी तरी गुंडाळावी, दूध उकळूनच प्यावे, ही वाक्ये तिच्यापर्यंत पोचली नाहीत तर या पुस्तकाचा उपयोग अर्धाच.

आणखी एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. व्यवस्था ढासळली की माणूस इंजेक्शनवर विसंबतो. ताप दिसला की कुणीतरी येऊन प्रतिजैविक टोचते, दुसऱ्या दिवशी गाय खाऊ लागली की पुढचे डोस बंद होतात, आणि दूध त्याच संध्याकाळी डेअरीला जाते. अर्ध्या उपचारातून वाचलेले जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत, आणि तेच औषध माणसांच्या दवाखान्यातही लागत असते. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतले औषध. म्हणूनच २०१९ मध्ये सरकारला खाद्योपयोगी जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. कोरडी जमीन, वेळेवर लस आणि पोटभर हिरवा चारा हेच औषधांचा वापर कमी करण्याचे खरे मार्ग आहेत. मुरघासाची एक टाकी एप्रिलमध्ये जे काम करते ते जुलैमधल्या इंजेक्शनांनी होत नाही.

या सगळ्याची जबाबदारी एकट्या पशुपालकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. भर उन्हात मोटारसायकलवरून बर्फाचा डबा घेऊन वाडी-वस्तीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांच्यावरचा भार यांचा मेळ कित्येक ठिकाणी बसत नाही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावण्याची सोय आता झाली आहे, ती चांगली आहे. पण पथक आजारी जनावरासाठी येते आणि आपल्याला हवी आहे ती आजाराआधीची भेट. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, गावागावांत लसीकरण झाले, ग्रामपंचायतींनी फवारण्या केल्या. तो विषाणूचा आजार होता, पण मनावर घेतले तर गाव काय करू शकते हे त्यातून सिद्ध झाले. तीच धडाडी घटसर्पासाठी दर मे महिन्यात का दिसू नये?

पुस्तक कसे वापरावे याविषयी दोन शब्द. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या नक्षत्रांच्या काळातली कामे दिली आहेत, मग त्यामागचे शास्त्र, आणि शेवटी धोक्याची लक्षणे. वाचकाने चालू ऋतूचे प्रकरण न वाचता पुढच्या ऋतूचे वाचावे, अशी माझी विनंती आहे. अक्षय्य तृतीयेला मृगाचे पान, पोळ्याच्या आसपास हस्ताचे, दसऱ्याला थंडीचे. औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. तो पशुवैद्यकाचा अधिकार आहे. या मजकुराला ज्या पशुपालकांनी, मेंढपाळांनी, पशुधन पर्यवेक्षकांनी आपले अनुभव मोकळेपणाने दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. स्वतःच्या गोठ्यातले नुकसान दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून उघड सांगायला मोठे मन लागते.

एक चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. छोट्या शेतकऱ्याच्या घरी ती मुलांची फी असते, दवाखान्याची सोय असते, पीक बुडालेल्या वर्षाचा आधार असते. ती वाचवण्याचा उपाय बहुतेक वेळा माहीत असतो, स्वस्त असतो आणि वेळेवर केला तर पुरतो. या पुस्तकाची पारख वाचकांच्या अभिप्रायाने करू नये. येत्या रोहिणी नक्षत्रापर्यंत गावातली किती जनावरे लस टोचून तयार आहेत आणि ऑगस्टमध्ये राहिलेली किती पिल्ले दुसऱ्या फेरीत आली, हे मोजावे. तो आकडा दर वर्षी वाढत गेला, तर हे लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.